नंबर सातचा निळा झेंडा

मंडळी, हातातले कप आधी खाली ठेवा. ही गोष्ट सांगताना आमच्या मंजिरीला दर वेळी ठसका लागतो, आणि गेल्या वेळी तिचा चहा थेट माझ्या शर्टावर आला होता. बायकोला नवऱ्याच्या फजितीवर इतकं हसू यावं का? पण फजितीच तशी आहे, तिचा तरी काय दोष!

तर गोष्ट मिशिगनची, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी तिथल्या नोव्हाय गावात होतो. काम काय, तर मोटारीच्या दाराची कुलपं डिझाइन करणं. दार लावल्यावर ‘खट’ असा आवाज यावा, ‘खड’ असा येऊ नये, यावर आम्ही शहाणीसुरती माणसं दिवसदिवस मीटिंगा करायचो. हसू नका, त्यावर घर चालायचं!

जीव मात्र अडकला होता वाफेच्या इंजिनात. वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे माझं लहानपण मूर्तिजापूरला गेलं. तिथे नॅरोगेजची छोटी गाडी होती. तिचा फायरमन फावड्याने धगधगत्या भट्टीत कोळसा टाकायचा आणि मी फाटकापाशी तोंड उघडं टाकून बघत राहायचो. मोठेपणी फायरमन व्हायचं, हे मी चौथीतच ठरवून टाकलं होतं. घरच्यांनी पकडून इंजिनिअर केलं.

नोव्हायहून तासाभरावर एका तळ्याकाठी हौशी लोकांनी चालवलेली एक नॅरोगेज रेल्वे होती. इनमीन तीन मैलांची. सगळे स्वयंसेवक, बहुतेक जण मोटारीच्या कारखान्यांतून रिटायर झालेले. त्यांचा म्होरक्या वॉल्ट, पंच्याहत्तरीचा, उंच, कमी बोलणारा. हा वॉल्ट तरुणपणी वेल्सला फिरायला म्हणून गेला होता. तिकडे खाणी बंद पडल्यावर त्यांच्या छोट्या रेल्वेही मेल्या होत्या, आणि शिक्षक, कारकून, पोस्टमन असल्या लोकांनी रविवारी रविवारी जाऊन त्या हातांनी पुन्हा उभ्या केल्या होत्या. वॉल्टने तिथे सुट्टीभर रूळ उचलले आणि परत येताना ते खूळ डोक्यात घेऊन आला.

पुढे त्याने वेल्सच्या खाणीतलंच एक भंगारातलं इंजिन मिळवलं. ते जहाजातून आलं ते सुट्या तुकड्यांत. तेच आमचं नंबर सात. ते जोडता जोडता या लोकांचं एक तप गेलं. त्यातली शेवटची दोन वर्षं माझीही. दर शनिवारी मी जायचो. काम काय दिलं? पुसायचं! वाफेच्या इंजिनावर माणूस चिंधीपासून सुरुवात करतो, मग फायरमन होतो, मग ड्रायव्हर. मी दोन वर्षं चिंधी मारली. थंडीत बोटं बधिर झाली, उन्हाळ्यात डासांनी फोडून काढलं, पण मी हटलो नाही.

“अरे, घरातला पंखा पुसायला सांगितला की तुझी पाठ दुखते!” मंजिरी म्हणायची.

तिचं बरोबर होतं. पण पंख्याला वाफ असते का?

आणि एके दिवशी वॉल्टने मला बाजूला घेतलं. उकिडवे हे आडनाव तिथे कोणालाच झेपत नसल्याने माझा ‘यूकी’ झाला होता. वॉल्ट म्हणाला, “यूकी, नंबर सातच्या पहिल्या फेरीला फायरमन तू. काम तू शिकलायस. मला फक्त एवढंच बघायचंय, की कोणी मागे नसतानाही तू नियम पाळतोस की नाही.”

माझे पाय जमिनीवर राहतायत होय? घरी येताना मी महाराष्ट्र मंडळाच्या निम्म्या लोकांना गाडीतूनच फोन केले. सगळ्यांना आमंत्रण! आमचे जोगळेकर काका, मिशिगनात आयुष्य काढलेले आणि समोरच्याचा फुगा फोडण्यात हातखंडा असलेले, त्यांनी विचारलं, “तू इंजिन चालवणार? मग विमा उतरवून येतो.”

“चालवणार नाही काका, पेटवणार.”

“ते तर आणखी वाईट.”

तेव्हाच ठरवलं. काहीही होवो, शनिवारी या माणसासमोर नंबर सातच्या कॅबमध्ये ताठ उभं राहायचं.

आता नियम काय ते सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. इंजिनाच्या खाली किंवा पुढे-मागे काम करायला माणूस शिरला, की त्याने आधी इंजिनाला निळा झेंडा लावायचा. निळा दिसला की इंजिन एक इंचही हलवायचं नाही, कारण खाली माणूस आहे. आणि मुख्य गोष्ट अशी, की ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. खुद्द वॉल्टनेसुद्धा नाही. आहे की नाही झकास नियम? माझा तर फार लाडका. मी तो नव्या लोकांना न विचारता समजावून सांगायचो.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी ऑफिसातून लवकर सटकलो. नंबर सात शेडमध्ये उभं होतं, तोंड आत भिंतीकडे, कॅब दाराकडे. वरून चकाचक! पण माझ्या मनात आलं, पोटाखालचं काय? खाली वाकून कोण बघणार होतं, विचारू नका. मी ठरवलं म्हणजे ठरवलं.

खाली शिरण्याआधी झेंडा हवा. बघतो तर झेंड्यांचा खुंटा रिकामा. तिकीट खिडकी सांभाळणाऱ्या मार्जने उद्याच्या समारंभासाठी सगळे पत्र्याचे झेंडे नव्याने रंगवून उन्हात वाळत घातले होते, आणि रंग ओला.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, दोन मिनिटांचं तर काम. पण मी? उद्याचा फायरमन? मी गाडीची डिकी उघडली. अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी माणसाच्या डिकीत एक पिशवी असतेच, हळदीकुंकवाच्या ब्लाउजपीसांची. या घरातून आलेले, त्या घरात जायचे. वर्षानुवर्षं फिरतीवर असतात बिचारे, शिवत कोणीच नाही. त्यात छान गडद निळा एक सापडला. इंजिनाच्या पुढच्या दिव्याला मी तो गाठ मारून बांधला, चांगली करकचून, आणि मनात म्हटलं, बघ वॉल्ट, कोणी मागे नसताना नियम पाळतोय.

मग खाली शिरलो आणि घासत सुटलो. चष्म्यावर ग्रीस, कानात ग्रीस, तोंडातही थोडं गेलं. किती वेळ गेला कळलं नाही. इतक्यात मंजिरीचा फोन.

“अरे, बटाटे कुठे आहेत? सगळ्यांसाठी वडे करायचेत उद्या, आणि तू त्या इंजिनाला न्हाऊमाखू घालत बसलायस!”

बटाटे डिकीत होते. मी घाईघाईने कॅबच्या बाजूने बाहेर सरपटलो. ग्रीसच्या चष्म्यातून जग सगळं धुरकट. पण नियम विसरलो नाही! कॅबच्या दांडीवर निळं फडकं लटकत होतं, ते काढलं, माझ्या खांद्याच्या पिशवीत कोंबलं, आणि बटाट्यांसह घरी. दांडी कुठली, दिवा कुठला, मागचं कुठलं, पुढचं कुठलं, असले प्रश्न मला तेव्हा पडले असते तर आज तुम्हाला सांगायला काही उरलंच नसतं.

शनिवारी पहाटेच पोचलो. वॉल्टने भट्टी पेटवलेली होती. मी कॅबमध्ये चढलो, फावडं घेतलं आणि उतरलोच नाही. वाफेच्या दाबाचा काटा हळूहळू वर चढत होता. अहाहा! नंबर सात सुस्कारे टाकायला लागलं तेव्हा माझे डोळे भरून आले, धुराने नाही. वॉल्ट खिसे चाचपत होता. “माझा रुमाल कुठे गेला कोण जाणे,” असं पुटपुटत बाहीनेच घाम पुसत होता. मी लक्ष दिलं नाही. रुमालाकडे बघायला मला वेळ होता का?

बाहेर स्टेशनात गर्दी जमली. आमच्या मंडळाचे लोक नटूनथटून आलेले, वड्यांचे ॲल्युमिनियमचे ट्रे, कॅमेरे, कॅमकॉर्डर. आता इंजिन शेडमधून बाहेर काढून डब्यांना जोडायचं, एवढंच बाकी होतं. वॉल्ट तेलाची बुधली घेऊन शेवटचं तेल द्यायला पुढे गेला आणि लगेच परत आला. चेहरा उतरलेला.

“पुढे ब्लू फ्लॅग आहे.”

“काय?” मी कॅबमधूनच ओरडलो. “आत्ता? कोण खाली गेलंय?”

“तुझा नाही ना, यूकी? तू काल होतास.”

“माझा? छे! मी काल स्वतःच्या हाताने काढला.”

अगदी खरं वाटत होतं हो मला! निळं फडकं पिशवीत टाकल्याचं स्वच्छ आठवत होतं. कोर्टात शपथ घेतली असती.

वॉल्टने टॉर्च मारून खाली पाहिलं. कोणी दिसेना. दोघातिघांनी हाका मारल्या. उत्तर नाही. भट्टी सोडून मला खाली उतरता येत नव्हतं, म्हणून मी वरूनच सूचना देत होतो, “चाकांमागे बघा! राखेच्या पेटीपाशी बघा!” वॉल्टने एकेका स्वयंसेवकाला विचारलं. कोणाचाच झेंडा नाही. आणि ज्याने लावला तो सापडेपर्यंत तो काढायचा नाही. इंजिन फुसफुसतंय, लोक खोळंबलेत, आणि आम्ही जिथल्या तिथे.

“लॅरी कुठाय?” मार्जने विचारलं.

झालं! लॅरी आला नव्हता. लॅरी म्हणजे आमच्यातला विसराळू नंबर एक. एकदा चहाच्या कपात पाना बुडवून बसला होता. फोन केला तर उचलेना. त्याच्या घरी एकाला गाडीने पिटाळलं. तो परतला आणि म्हणाला, लॅरीची बायको सांगतेय की तो पहाटेच बाहेर पडलाय.

वॉल्ट पांढरा पडला. तो पुन्हा गुडघ्यांवर बसून टॉर्च मारायला लागला. या वयात!

मला लॅरीचा असा राग आला म्हणता! माझी पहिली फेरी, सगळे बघायला आलेले, आणि हा बाबा झेंडा लावून बेपत्ता! मार्जने विचारलं, “लोकांना काय सांगू?” मी म्हटलं, “माइक मला दे.” शेडमध्ये स्टेशनच्या लाउडस्पीकरचा एक माइक होता, लांब वायरचा. मी तो कॅबमध्ये मागवून घेतला.

आणि मग मी बोललो. काय बोललो मी! आधी इंग्रजीत, मग आपल्या लोकांसाठी मराठीतसुद्धा. “नमस्कार! विलंबाबद्दल क्षमस्व. कोणीतरी एक बेजबाबदार माणूस इंजिनाला निळा झेंडा लावून तसाच निघून गेला आहे. अशा माणसाची इंजिनाजवळ यायची लायकी नाही. माझं मत विचाराल तर त्याला सीझनभर स्टेशनचे संडास घासायला लावले पाहिजेत!”

टाळ्या पडल्या. हो, टाळ्या! जोगळेकर काकांनीही वाजवल्या, असं मंजिरीने नंतर सांगितलं.

पण गर्दीत निम्मंच पोचतं. थोड्याच वेळात आमच्या बायकांत कुजबुज, की कोणीतरी इंजिनाखाली सापडलाय. कोणी हात जोडले, कोणी पोरांना मागे ओढलं. पार्किंग सांभाळायला आलेला पोलीसही कमरेवर हात ठेवून शेडकडे चालत आला आणि अँब्युलन्स बोलवू का, असं विचारायला लागला.

इतक्यात दारात कोण? लॅरी! हातात डोनटचे खोके.

“गुड मॉर्निंग! आज सगळ्यांना डोनट आणावेत म्हटलं. लांबच्या चांगल्या दुकानात गेलो होतो. फोन घरीच विसरलो.”

वॉल्टने त्याला मिठीच मारली. मी मात्र वरून गरजलो, “लॅरी! झेंडा काढ आधी!”

“कुठला झेंडा? मी आठवडाभर इकडे फिरकलोच नाही.”

आता मात्र सगळेच गार. लॅरीचा नाही, कोणाचाच नाही, मग खाली आहे तरी कोण? पोलिसाने खिशातून वॉकीटॉकी काढला.

आणि नेमक्या त्याच क्षणी मंजिरी आणि जोगळेकर काकू वड्यांचा ट्रे घेऊन शेडमध्ये आल्या. बिचारे लोक उपाशी ताटकळलेत, त्यांना दोन घास द्यावेत म्हणून. मार्जने त्यांना पुढच्या बाजूला, जिथे सगळे जमले होते, तिथे नेलं. मला कॅबमधून काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू आलं.

“अगं बाई!” जोगळेकर काकूंचा आवाज. “हा तर माझा ब्लाउजपीस!”

मी मान बाहेर काढली, पण इंजिनाच्या अंगापलीकडे काही दिसेना.

“काठ बघ ना मंजिरी. धारवाडहून आणलेला. संक्रांतीला तुला दिला होता ना मी? तो इथे कसा गं?”

मंजिरी चालत चालत मागे आली आणि कॅबखाली उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तशी नजर मी आधी पाहिली नव्हती.

“तो पुढे द्यायच्या पिशवीत होता,” ती हळूच म्हणाली. “आणि काकूंना हे आत्ता कळलंय.”

म्हणजे बघा, एकाच फडक्याने मी दोन ठिकाणी तोंडघशी पडलो. रेल्वेत आणि हळदीकुंकवात!

मी कॅबमध्येच ठेवलेली खांद्याची पिशवी उघडली. कालचं निळं फडकं बाहेर काढलं. ते उलगडलं आणि कोपऱ्यात दोऱ्याने ‘डब्ल्यू’ भरलेला दिसला.

“माझा रुमाल!” वॉल्ट म्हणाला.

भट्टी पुढ्यातच होती, उडी मारायचा विचारही येऊन गेला. पण नियम म्हणजे नियम, लावला त्यानेच काढायचा. सगळी रेल्वे, अर्धं महाराष्ट्र मंडळ आणि एक पोलीस यांच्यासमोरून मी, फावडं दुसऱ्याच्या हातात देऊन, इंजिनाच्या पुढे चालत गेलो. दिव्यावर सोनेरी काठाचा झेंडा डौलात लटकत होता. गाठ सुटेना! आदल्या दिवशी मीच करकचून बांधलेली, त्यात रात्रभर ओल धरलेली.

लॅरीने कात्री पुढे केली.

“कापू नका!” काकू किंचाळल्या.

शेवटी ती गाठ मी दातांनी सोडवली. दातांनी! जोगळेकर काकांनी कॅमकॉर्डर खाली घेतला नाही, आणि एक शब्दही बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बोलायची गरज वाटली नसावी.

वॉल्ट ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला नाही. रुमालाने घाम पुसून म्हणाला, “यूकी, कापड बघून मला आधी तूच आठवलास. तू वर कॅबमध्ये दिसत होतास, तरी मी दोनदा खाली वाकून बघितलं. तुझ्यासारखा घासायला कधीही खाली शिरणारा दुसरा कोणी नाही इथे.”

ज्या खोळंब्याला मी माइकवरून शिव्या घालत होतो, तो माझ्या जिवाच्या काळजीनेच झालेला होता.

“मग... मी फायरिंगला जाऊ वर?” मी विचारलं. आशा किती चिवट असते बघा!

वॉल्टने मार्जकडे बघितलं. मार्जने माइककडे बघितलं. “संडासाचं तूच ठरवलंस ना?” ती म्हणाली. “दोन भाषांत.”

पहिल्या फेरीला फायरमन झाला लॅरी. नंबर सातने शिटी मारली आणि गाडी हलली. डब्यांमधून आपले लोक वडे खात मला हात करत होते. मी प्लॅटफॉर्मवर उभा, हातात बादली आणि ब्रश. रडू येत होतं, पण त्याच वेळी मनाशी घट्ट केलं, की फायरमन होणार म्हणजे होणार. इथून पळून गेलो तर जोगळेकर काकांची ती कॅसेट जन्मभर माझ्या मागे लागेल.

सीझनभर संडास घासले. चकाचक! आरशासारखे! दर शनिवारी आधी ते आणि मग इंजिनावर शिकाऊ काम. काकूंच्या घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी तो ब्लाउजपीस पुन्हा मंजिरीच्या ओटीत घातला आणि या वेळी बजावलं, शिवून घे. मंजिरीने शिवून घेतला. आणि पुढच्या सीझनला, पानं नवी फुटत असताना, वॉल्टने मला कॅबमध्ये बोलावून हातात फावडं दिलं. कोणालाही आमंत्रण दिलं नव्हतं मी. मंजिरी मात्र आली होती.

मी भट्टी पेटवली. प्रेशर चढवलं. सगळं बिनचूक. गाडी सुटायची वेळ झाली आणि वॉल्ट म्हणाला, “चल, तपासणी घे. निघण्याआधी फायरमनने ओरडून विचारायचं असतं.”

मला पाठ होतं ते. मी मान बाहेर काढली. “वॉटर?”

“ओके!” मागून कोणीतरी.

“ब्रेक?”

“ओके!”

मी वॉल्टकडे बघितलं. झालं की!

“एक राहिलं,” वॉल्ट म्हणाला. “या सीझनपासून नवीन घातलंय. इंजिनाखाली कोणी नाही ना आणि झेंडा काढलाय ना, ते बघायला.”

“काय विचारायचं?”

त्याने सांगितलं. मी म्हटलं, वॉल्ट, प्लीज. तो म्हणाला, नियम आहे.

तेव्हापासून मिशिगन सोडेपर्यंत, दर फेरीला, सगळ्या प्रवाशांच्या देखत, मी कॅबमधून मान बाहेर काढून बेंबीच्या देठापासून ओरडायचो, “यूकी?”

आणि लॅरी पुढे जाऊन, वाकून, इंजिनाखाली नीट बघून, तिकडून ठणकावून सांगायचा, “नो यूकी!” मगच गाडी हलायची.